आतड्याची सूज आणि आप्पांची केळी

पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा मला वाटलं मूळव्याध असेल. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनाही तेच वाटलं. त्यांनी मलम दिलं, तिखट कमी करा म्हणाले. तिखट कमी केलं, रक्त थांबलं नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. माझं सगळं शिक्षण तमिळमध्ये झालं, देवनागरी मी शाळेत असताना हिंदीच्या परीक्षांपुरती शिकले. पण तमिळमध्ये लिहिलं असतं तर माझ्या शाळेतल्या सगळ्या बायकांनी वाचलं असतं, आणि संडासाबद्दल इतकं मोकळं लिहायचा मला धीर झाला नसता. आमच्या तंजावूरच्या मराठीत चुका काढणारे भेटतील. त्यांनी काढाव्यात. ज्यांना हा आजार झाला आहे आणि जे लाजेपायी कुणाला सांगत नाहीत, त्यांच्यासाठी मी लिहिते आहे.

मी इंदुमती. ओरत्तनाडूच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, तंजावूरहून रोज बसने जाते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर आहे. नवरा व्यंकट माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. म्हणजे माझे आप्पा, माझे वडील, त्याचे सासरे झाले ते नंतर, आधी ते त्याचे मामा. आमच्यात अशी लग्नं होतात. मुलगी मीरा आठवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती तमिळमध्ये देते.

बस आणि वर्ग

या आजारात दुखण्यापेक्षा भीती जास्त असते, आणि भीती एकाच गोष्टीची असते: वेळेवर पोचेन का. पोटात कळ आली की हातात फार थोडा वेळ असतो. मी बसमध्ये दाराजवळ उभी राहायला लागले. वाटेत कुठल्या थांब्याजवळ कुणाच्या घरी ओळख आहे, कुठे पेट्रोल पंप आहे, हे मला पाठ झालं. सकाळी उपाशी निघायचं आणि घरी परत येईपर्यंत काही खायचं नाही, असा नियम केला. वजन उतरत गेलं. शाळेत सगळ्या म्हणाल्या, बारीक झालीस, छान दिसतेस.

एकदा दहावीच्या वर्गात अल्कली धातू शिकवत होते. पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकला की पेट घेतो, हे सांगता सांगता खडू टेबलावर ठेवून मी बाहेर पळाले. परत आले तेव्हा मुलींतल्या एकीने माझी खुर्ची पुढे ओढून ठेवली होती. त्या दिवशी घरी आल्यावर मी व्यंकटला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि मला पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

नाव कळलं तो दिवस

दुर्बीण घालून तपासणी झाली. डॉक्टर बाई होत्या, आमच्यापेक्षा तरुण. त्यांनी पडद्यावर माझ्या मोठ्या आतड्याचा फोटो दाखवला. जिथे गुळगुळीत गुलाबी असायला हवं होतं तिथे सगळं लाल आणि सोललेलं होतं. माझ्याच शरीरात एवढी मोठी जखम आहे आणि मी रोज तीच घेऊन बसमध्ये उभी असते, हे मला खरंच वाटेना.

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," त्या म्हणाल्या. "शरीराची स्वतःची राखण करणारी ताकद चुकून स्वतःच्याच आतड्यावर उलटते. सूज येते, व्रण पडतात."

"बरा होतो ना?" व्यंकटने विचारलं.

"आवरता येतो. वर्षानुवर्षं आवरलेला राहू शकतो. बरा होतो असं मी म्हणणार नाही."

मग त्याने विचारलं, हिने खायचं काय. त्या म्हणाल्या, तिखट-तेलकट टाळा, पोटाला सोसेल ते खा, प्रत्येकाचं वेगळं असतं. बाहेर आल्यावर व्यंकट म्हणाला, "एवढं शिकल्या आणि सांगतात काय, तर सोसेल ते खा." पण त्या वाक्याचा खरा त्रास पुढे झाला. डॉक्टरांनी मोकळी सोडलेली ती जागा भरायला सगळे नातेवाईक तयार होते.

आप्पा

त्यांत पहिले माझे आप्पा. आई गेल्यापासून ते तिरुवैयारूला एकटे राहतात. नदीच्या कालव्याला लागून त्यांची थोडी जमीन आहे, तिच्यात केळी. ते दर रविवारी कापडी पिशवीत पूवन केळ्यांचा घड घालून बसने येऊ लागले. पूवन म्हणजे लहान, पातळ सालीचं, जरा आंबूस-गोड केळं. आमच्याकडे ते देवालाही लागतं आणि आजाऱ्यालाही.

आणि ते केळं मला खरंच सोसलं. इडली टिकत नव्हती, दूध तर विचारूच नका, पण पूर्ण पिकलेलं केळं कुस्करून खाल्लं की पोट शांत राहायचं. मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "खा की. सारखे जुलाब झाले की अंगातलं पोटॅशियम निघून जातं, ते केळ्यात भरपूर आहे. त्यातला मऊ तंतू पाणी धरून ठेवतो, आतड्याला खरवडत नाही. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत. सूज गोळ्या उतरवतात. केळं तुम्हाला उभं ठेवेल."

काही आठवड्यांत रक्त थांबलं. मी पुन्हा बसमध्ये बसून जाऊ लागले. आप्पांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीने लावला. देवळात, कालव्यावर, बसमध्ये भेटेल त्याला सांगू लागले, "माझ्या पोरीचं आतडं पूवनने बरं केलं."

"गोळ्या मी आणतो आणि नाव केळ्याचं," व्यंकट म्हणायचा. तेव्हा तो हसत म्हणायचा.

मार्गशीर्षात

थंडी पडली आणि आजार उलटला. का उलटला ते आजही कुणी सांगू शकत नाही. आधी नुसती कळ, मग रक्त, मग दिवसभर तेच. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि ताप आला तर लगेच या म्हणाल्या.

आप्पा त्या रविवारी केळ्यांबरोबर केळीचं काल घेऊन आले, म्हणजे खांबाच्या आतला पांढरा दांडा. आमच्याकडे त्याची भाजी करतात, रस काढतात. आतडं धुऊन निघतं असं सगळेच मानतात.

"मामा, डॉक्टरांना विचारून मग देऊ," व्यंकट म्हणाला.

"ह्यात विचारायचं काय? तुझ्या आईला मी हेच पाजत होतो, ती कधी दवाखान्यात गेली का?"

आप्पांनी स्वतः केळीचं काल चिरलं, त्याचे धागे बोटाला गुंडाळून काढले, मिक्सरमध्ये वाटलं आणि ताकात घालून पेला माझ्या हातात दिला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला संडासातून उठता येईना. ताप चढला होता, पोट ढोलासारखं ताठ झालं होतं. व्यंकटने मला उचलून रिक्षात घातलं. आप्पा त्या रात्री आमच्याकडेच राहिले होते, ते मागून दुसऱ्या रिक्षाने आले.

दाखल झाल्यावर मला आत नेत होते तेव्हा दोघे वऱ्हांड्यात उभे होते. दार लागायच्या आत मला व्यंकटचं बोलणं ऐकू आलं.

"हिला काही झालं तर मी तुमचं तोंड पाहणार नाही."

मग दार लागलं.

वॉर्ड

इस्पितळाचा दिवस सकाळी रक्त काढण्यापासून सुरू होतो. मग पोटाचा एक्स-रे. मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टर, आणि सगळ्यांसमोर प्रश्न: किती वेळा, रक्त किती, नुसतं रक्तच का. पहिल्या दिवशी मी मान खाली घालून उत्तर दिलं. नंतर भाजीचा भाव सांगावा तसं सांगू लागले. लाज निघून जाते. ती गेली हे चांगलंच झालं.

शिरेतून स्टिरॉइड सुरू झालं. स्टिरॉइडने आणि जुलाबांनी मिळून पोटॅशियम इतकं खाली आणलं की माझ्या छातीला तारा लावून ठोके बघत बसायची पाळी आली. खायला बंदी होती, म्हणून पोटॅशियमही शिरेतूनच द्यायचं. ते हातात शिरताना जळत वर जातं. मनगटापासून खांद्यापर्यंत. मी डोळे मिटून वर्गातला तो तुकडा आठवत होते, पाण्यावर पेटत धावणारा.

"हळू सोडते, टीचर," नर्स म्हणाली. तिची धाकटी बहीण आमच्याच शाळेत होती. हळू सोडलं तर वेळ जास्त लागतो. तरी ती दर वेळी येऊन विचारायची, आणि माझ्या दंडावर गार पाण्याचं फडकं ठेवायची. तेवढ्याने सोसता यायचं.

आप्पा रोज तिरुवैयारूहून यायचे. व्यंकट आत असला की ते बाहेर बाकावर, ते आत आले की व्यंकट बाहेर. दोघांचं बोलणं बंद. पिशवीत केळी असायचीच, मला खायला मनाई आहे हे माहीत असूनही. एका दुपारी त्यांनी ती शेजारच्या खाटेवरच्या सेल्वीला देऊ केली. सेल्वी पट्टुकोट्टै बाजूची, माझ्याच वयाची, मूत्रपिंडं निकामी झालेली. तिने एक सोललं, तोंडाशी नेलं, आणि नर्सने धावत येऊन ते हातातून काढून घेतलं.

"आजोबा, हिला पोटॅशियम चालत नाही. हिच्या अंगातून ते बाहेर पडत नाही. एवढ्या केळ्यांनी हिचं हृदय थांबेल."

आप्पांनी केळी पिशवीत परत घातली. मग ते माझ्या खाटेशी आले आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "इंदू, ते केळीचं काल मी पाजलं, त्याने झालं का गं हे?"

मला माहीत नव्हतं. खोटं बोलवेना. म्हटलं, डॉक्टर येतील तेव्हा विचारा.

त्यांनी खरंच विचारलं. सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर, हात जोडून. डॉक्टर बाई थांबल्या. म्हणाल्या, "आजार आधीच उलटला होता, तुमच्या रसाने तो आणलेला नाही. पण सुजलेल्या आतड्यात असला धागेदार पदार्थ जाऊ द्यायचा नाही. त्याने दुखणं वाढतं. सूज उतरल्यावर पिकलेलं केळं चालेल, केळीचं काल चालणार नाही. मला विचारत जा."

आप्पा बरं म्हणाले. व्यंकट तेव्हा तिथे नव्हता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी तुला पाजलं तेव्हा विचारलं असतं तर?" मी वाद घातला नाही. माझ्यात ताकद नव्हती.

पोटावरची खूण

स्टिरॉइडने आराम पडेना. रक्त तेवढंच, एक्स-रेत आतडं फुगलेलं. एका सकाळी फेरीबरोबर सर्जन आले. त्यांनी मला उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं आणि मग पेनाने माझ्या पोटावर उजव्या बाजूला एक गोल काढला. मोठं आतडं काढावं लागलं तर मळ साठवणारी पिशवी लावायची जागा ती.

"अजून ठरलेलं नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "शिरेतून द्यायचं दुसरं एक औषध आहे, ते आज देऊ. त्याने उतार पडला तर ठीक. नाही पडला तर थांबण्यात धोका आहे. आतडं फाटू शकतं."

व्यंकटने सही केली. औषध थेंब थेंब उतरत होतं आणि मी त्या गोलावर हात ठेवून पडले होते. मला मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण जास्त भीती मला वर्गात उभं राहण्याची वाटत होती, साडीखाली पिशवी घेऊन.

संध्याकाळी मीरा आली. तिने तो गोल पाहिला. काय आहे ते तिला बापाने सांगितलं होतं.

"अम्मा, पिशवी लावली तर मग तू पळणार नाहीस ना बाथरूमला?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"नाही."

"मग बसमध्ये खिडकीजवळ बसशील."

एवढ्या दिवसांत पिशवीची चांगली बाजू मला कुणी सांगितली नव्हती. पिशवीसह जगणारे पुष्कळ लोक बसमधून जातात, वर्गात शिकवतात. हे वाचणाऱ्यांत कुणाच्या पोटावर असा गोल काढला असेल तर माझ्या मुलीचा हा हिशेब त्यांनीही करून पाहावा.

दुसरा दिवस तसाच गेला. सर्जन येऊन पोट दाबून गेले. व्यंकट आणि आप्पा त्या दिवशी एकाच बाकावर बसले होते असं मला सेल्वीने सांगितलं. दोन टोकांना, मध्ये पिशवी.

त्यानंतरच्या सकाळी मी जागी झाले तेव्हा ऊन खाटेवर आलं होतं. मला कळेना काय वेगळं आहे. मग लक्षात आलं, मला कळ येऊन जाग आलेली नव्हती. मी पडून राहिले, हलायची भीती वाटत होती. पोट मऊ होतं. डॉक्टर बाईंनी हात लावला, आणि त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसत म्हटलं, "आज सर्जनना थांबायला सांगते."

अर्धं केळं

आधी तांदळाच्या कंजीचं, म्हणजे पेजेचं, पाणी. मग कंजी. मग डॉक्टर म्हणाल्या, पिकलेलं केळं द्या, अर्धंच.

आप्पा बाहेर होते. नर्सने त्यांना बोलावलं. व्यंकट आत होता, म्हणून ते दारातच थांबले आणि केळं नर्सच्या हातात दिलं. तिने ते वाटीत चमच्याने कुस्करून मला दिलं. तोंडात इतके दिवस चव नव्हती. ते आंबूस-गोड जिभेवर आलं आणि मला रडू फुटलं. पोटात टिकतंय का म्हणून आम्ही सगळे वाट पाहत होतो. नर्स, व्यंकट, सेल्वी, आणि दारातले आप्पा. टिकलं.

काही दिवसांनी तारा निघाल्या, मग सुई निघाली. पोटावरचा गोल मात्र आंघोळीत लवकर जाईना.

आता

मला लोक विचारतात, केळ्याने फरक पडतो का. पडतो. पण कसा ते नीट सांगायला हवं, नाहीतर माझ्यामुळे कुणाचं तरी नुकसान होईल.

माझी सूज औषधाने आवरली आहे. ते औषध मी ठरावीक अंतराने इस्पितळात जाऊन शिरेतून घेते आणि गोळ्या रोज. केळं मी त्याच्या जोडीला खाते. पूर्ण पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं, सकाळी एक, शाळेतून आल्यावर एक. पोट कुरकुरलं की डाळ-भाजी बंद, मऊ भात, ताक आणि केळं. त्याने अंगातलं निघून गेलेलं भरून येतं, अशक्तपणा कमी होतो, पायात गोळे येत नाहीत. कच्च्या केळ्याची उकडून केलेली भाजी मला सोसते. केळफूल आणि केळीचं काल मी खात नाही. दुसऱ्या कुणाला कदाचित केळंही सोसणार नाही. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. मी सेल्वीचा हात पाहिला आहे, तोंडापर्यंत गेलेला.

घरातलं मात्र लवकर भरून आलं नाही. आप्पा रविवारी यायचे, पिशवी ओट्यावर ठेवायचे, मीराशी बोलायचे आणि व्यंकट बाजारातून परत यायच्या आत निघून जायचे. व्यंकटही मुद्दाम उशिरा यायचा. मी दोघांनाही सांगून पाहिलं. आप्पा म्हणायचे, तो बरोबर बोलला होता. व्यंकट म्हणायचा, बघू. लहानपणी याच मामाच्या खांद्यावर बसून तो कालव्यात पोहायला जायचा.

मग पुन्हा दुर्बिणीची तपासणी आली. आदल्या दिवशीपासून मला काही सुचत नव्हतं. औषध काम करतंय असं वाटतं, पण आत काय चाललंय ते पडद्यावरच कळतं. सूज उरली असती तर औषध बदलायचं होतं, आणि ते नाही लागू पडलं तर परत सर्जन. गुंगी उतरल्यावर डॉक्टर बाईंनी मला उशीला टेकवून बसवलं आणि फोटो समोर धरला. गुलाबी होतं. इथे तिथे जुन्या व्रणांचे पांढरट डाग होते, पण लाल कुठेच नव्हतं.

"बरं झालं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं. "आवरलंय."

व्यंकट फोटोकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि खिडकीशी गेला. मला वाटलं, ऑफिसात कळवत असेल. तिकडून उचलायला वेळ लागला. आप्पा मळ्यात असले की फोन झाडाच्या फांदीला टांगलेला असतो.

"मामा," व्यंकट म्हणाला, आणि थांबला. "मामा, जखमा भरल्यात. सगळ्या."

फोनवर आप्पा मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला खाटेवरही ऐकू आलं.

"व्यंकटा, सकाळपासून तिथेच असशील. तू जेवलास का रे?"